प्रश्न सतरा ते बावीस

आई स्वयंपाकघरात तव्यावर तंबाखू भाजत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर, फ्रिजला टेकून, फॉर्म भरत होते. धुरानं मला ठसका लागला. "अगं खिडकी तरी उघड, शेजारचे भांडायला येतील," असं मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. मग डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न वाचला. प्रश्न सोळा : आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का? धड विचारलंही नाही मी. "तंबाखूबिंबाखू नाही ना गं?" एवढंच म्हणाले. आई उलथन्यानं तव्यावरची पानं परतत म्हणाली, "शी! तुज्या बापानं खाल्ली तेवढी बास झाली." मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

आमचं घर कोपरखैरण्याला, माथाडी वसाहतीत. मूळ गाव साताऱ्याकडचं. वडील मार्केटात गोण्या वाहायचे, गालात तंबाखूची गोळी धरून. आई जन्मभर त्या गोळीशी भांडली. वडिलांच्या सदऱ्याच्या खिशातली पुडी काढून तिनं मोरीत फेकली नाही असा महिना गेला नसेल. आणि तीच आई रोज सकाळी उठल्याबरोबर डबीतली मिश्री बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची आणि अर्धा तास गॅलरीत गप्प बसायची. दुपारी जेवल्यावर पुन्हा. मिश्री म्हणजे तीच तंबाखू, काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटून वस्त्रगाळ केलेली. पण आमच्यात तंबाखू खाणं हे पुरुषांचं व्यसन आणि मिश्री लावणं हे बायकांचं दात घासणं. आत्या लावायची, मावशी लावायची, समोरच्या काकू लावायच्या. तिच्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायच्या. आई एकाच घरात तंबाखू फेकते आणि तंबाखू भाजते, हे वडिलांच्या कधी ध्यानात आलं नाही. ते गेले तोपर्यंत आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर चांगली पदवी घेतलेली बाई.

नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मी सर्वेक्षणाचं काम करते. म्हणजे डॉक्टर लोकांना संशोधनासाठी जी माहिती लागते ती दारोदार फिरून आणायची. वस्तीतल्या बायका आम्हाला 'सर्वेवाली ताई' म्हणतात, आणि आम्ही दिसलो की एकमेकींना सांगतात, "आली बघ, आता इचारंल संडास कुठं हाय." त्या वर्षी दिघ्याच्या वस्तीत बायकांच्या तोंडाच्या आजारांचा अभ्यास चालू होणार होता. आमच्या विभागाच्या मॅडम तो करणार होत्या. त्या दिल्लीकडच्या, मराठी इथे येऊन शिकलेल्या, बोलताना एकेक शब्द जपून ठेवणाऱ्या. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "या कामाला तुम्हीच का?" मी म्हटलं, "दिघ्यात निम्म्या बायका आमच्या सातारा-कराडच्या आहेत. मी त्यांच्यातलीच आहे. मला त्यांचं सगळं कळतं." मॅडम खूश झाल्या. मीही माझ्यावर खूश होते.

प्रशिक्षणात तीन नियम शिकवले. प्रश्न छापलाय तसाच विचारायचा, खालची यादीही वाचून दाखवायची. तुम्हाला काय माहीत आहे ते लिहायचं नाही, समोरची बाई काय म्हणते ते लिहायचं. आणि चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या उत्तरावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. ज्यानं फॉर्म भरला त्यानंच. "संशोधनात चूक चालते, लपवलेली चूक चालत नाही," मॅडम म्हणायच्या. तिन्ही नियम मी वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतले होते.

पहिल्या नियमाची मात्र मी कधी फिकीर केली नाही. प्रश्न सोळाच्या खाली बारीक अक्षरात लांबलचक यादी होती, त्यात शेवटून दुसरी मिश्री होती. पण दारात उभ्या असलेल्या, गॅसवर भात ठेवून आलेल्या बाईला कोण वाचून दाखवतं बिडी, सिगारेट, गुटखा, मावा? मला वाटायचं, ही यादी मॅडमसारख्या बाहेरच्या लोकांसाठी आहे. मला बघूनच कळतं.

आणि त्या प्रश्नाच्या 'नाही'पुढे एक छोटा बाण होता. 'उत्तर नाही असल्यास थेट प्रश्न तेवीस.' दातांचे डॉक्टर दोनच आणि बायका पुष्कळ, म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांनाच पुढचं विचारायचं आणि तपासायला बोलवायचं, असा त्यामागचा हिशेब. फॉर्म लवकर संपावा म्हणून सगळ्याच सर्वेवाल्यांना हे बाण फार आवडतात. आईचा फॉर्म हा माझा सरावाचा पहिला फॉर्म होता. बाण आला आणि मी सतरा ते बावीस सोडून तेवीसवर गेले. घरात पाणी उकळून पिता का? आई म्हणाली, "लिव, उकळून पितो. तुज्या मॅडमला बरं वाटंल."

पुढचं वर्षभर मी दिघा पालथा घातला. एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या बायका दुपारपाळी करून आल्या की गाठायच्या, उतारावरच्या पायऱ्या चढायच्या, आधारकार्डाचं काम नाही हे पटवायचं, चहा नको म्हणायचा आणि प्यायचा. हातात एक पत्रक असायचं, ते वाटायचं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट झोंबणं, तोंड पूर्ण न उघडणं, दात हलणं, बरी न होणारी जखम. ते मला पाठ झालं होतं. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

त्याच वर्षी आईनं भाजीत मिरची घालणं कमी केलं. मी म्हटलं, "वय झालं तुझं." मग ती भाकरी दुधात भिजवून खायला लागली. मी म्हटलं, "दातांना कवळी बसवून घेऊ दिवाळीनंतर." एकदा म्हणाली, तोंडात आग होते. मी दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या आणि बॅग उचलून दिघ्याला गेले, तोंडात आग झाल्यास दुर्लक्ष करू नका असं बायकांना सांगायला. आजही हे लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते. मारून काही होत नाही म्हणून लिहिते आहे.

आमच्या कामात अशी पद्धत आहे की दर काही फॉर्मांमागे एका घरी वरिष्ठांनी स्वतः जाऊन पुन्हा पाहायचं. एका दुपारी मॅडम माझ्याबरोबर दिघ्यात आल्या. ज्या घराबाहेर पाण्याची दोन निळी पिंपं होती त्या घरात मी आधी जाऊन आले होते. चाळिशीची बाई, पाटणकडची, बोलायला मोकळी. मी तिला वहिनी म्हणायचे. तिच्या फॉर्मवर माझ्या हातचं 'नाही' होतं. वहिनी आमच्यासाठी चहा गाळायला वळली आणि मॅडमनी विचारलं, "ताई, बोटाला हे काळं काय आहे?"

"मिसरी हाय, मॅडम."

"ती कशाची करतात?"

वहिनी हसली. एवढं साधं माहीत नसलेली डॉक्टर तिनं बहुधा पहिल्यांदा पाहिली होती. "तंबाखूचीच की. दुसरी कशाची आसनार?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळू विचारलं, "अशा किती जणींना आपण 'नाही' लिहिलं?"

मला त्या बायकांचा आकडा आठवला नाही. मला गॅलरीत गप्प बसलेली माझी आई आठवली. दुधात भिजवलेली भाकरी आठवली. मी मॅडमना काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही, आणि बाहेर येऊन रिक्षा केली. दिघ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत मी रिक्षावाल्याला तीनदा म्हणाले, भाऊ, जरा लवकर चला. जणू एवढं वर्ष वाया घालवून आता पाच मिनिटांनी काही होणार होतं.

आई टीव्ही बघत होती. मी म्हटलं, "आ कर." तिला वाटलं चेष्टा आहे. मोबाइलचा उजेड तिच्या तोंडात धरला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मध्ये, जिथं ती मिश्री दाबून ठेवायची तिथंच, लाल मांसाची कडा असलेली जखम होती. मी ट्रेनिंगच्या फोटोंत ती शंभरदा पाहिली होती.

"हे कधीपासून आहे?"

"हाय की लई दिस. तू त्यो फॉर्म भरलास ना, तवा बी व्हतं. बारीक व्हतं, तांदळायेवढं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू संडासाचं इचारलंस, पान्याचं इचारलंस," आई म्हणाली. "तोंडाचं कुठं इचारलंस?"

ती मला दोष देत नव्हती. नुसतं काय झालं ते सांगत होती. म्हणूनच ते माझ्या काळजात रुतून बसलं आहे.

कॉलेजच्या दवाखान्यात मॅडम स्वतः आईचा हात धरून हिंडल्या. तुकडा काढून तपासायला गेला, आणि उत्तर आलं ते मॅडमना आणि मला आधीच ठाऊक होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर जबड्याचं चित्र काढून मला समजावलं की एवढा भाग काढावा लागेल. मी विचारलं, एक वर्ष आधी आणलं असतं तर? त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आता पुढचं बघू या." त्यावरून मला कळलं.

आईचा अर्धा खालचा जबडा गेला. बोलणं अस्पष्ट झालं, फक्त मला कळायचं. मिश्रीची डबी तिनं स्वतः माझ्या हातात दिली. मी ती कचऱ्यात टाकली तेव्हा ती तिकडे बघत राहिली, तलफ काही जबड्याबरोबर जात नाही. मी एकदा तिच्या पायाशी बसून रडले, म्हटलं, "आई, मला शिव्या दे गं." तिनं पदरानं लाळ टिपली आणि म्हणाली, "तुला काय म्हनू? मलाच ठावं नव्हतं. आन तुज्या मॅडमला म्हनावं, शिकलेली पोरगी बी माज्यावानीच निगाली." आणि हसली, जेवढं हसता येत होतं तेवढं.

इकडे मॅडमनी काम थांबवलं. चूक सगळ्यांसमोर मांडली. माझं नाव घेतलं नाही, पण मीच हात वर केला. कारण आता कळलं होतं की मी एकटीच नव्हते. आमच्या सगळ्या सर्वेवाल्या, सगळ्या माझ्यासारख्याच 'त्यांच्यातल्या', तोच प्रश्न तसाच घाईनं विचारत होत्या. मग फॉर्मच बदलला, वरच्या समितीची मंजुरी घेऊन. आता पहिला प्रश्न झाला : सकाळी दात कशाने घासता? आणि बाण काढून टाकला. उत्तर काही असो, तोंड सगळ्यांचं बघायचं. ज्यांना ज्यांना 'नाही' लिहिलं होतं त्या प्रत्येकीच्या दारात पुन्हा जायचं ठरलं.

आई म्हणाली, मी बी येनार. मी नको म्हटलं, मॅडमनी हो म्हटलं. किरणांचे उपचार संपून थोडे दिवस झाले होते, पदर हनुवटीवरून घट्ट ओढून ती माझ्याबरोबर दिघ्याच्या पायऱ्या चढली. चार पायऱ्या चढली की थांबायची. निळ्या पिंपांच्या घरात वहिनीनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. आईनं पदर काढला. प्रश्न तिनंच विचारला, आणि मी तो स्पष्ट करून सांगितला.

"सकाळच्या पारी दातांला काय लावतीस, बाई?"

"मिसरी," वहिनी अगदी हळू म्हणाली.

आई माझ्याकडे वळली. "लिव," म्हणाली.

वहिनीच्या गालात आतून पांढरा चट्टा सापडला. तांदळाएवढा. तिला दवाखान्यात नेलं, छोटीशी शस्त्रक्रिया झाली, मिश्री सुटली, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं. आज ती धडधाकट आहे. शेजारणींना हाताला धरून तपासायला आणते, आणि कुणी आढेवेढे घेतले तर माझ्या आईचं वर्णन करते. मी खरं सांगते, पहिल्यांदा ती बरी झाल्याचं कळलं तेव्हा मला तिचा राग आला. हिचा तांदूळ वेळेत सापडला आणि माझ्या आईचा नाही, म्हणून. पायऱ्या उतरून मी नाल्याकडेला उभी राहिले आणि रडले, आणि मग लाज वाटली. वहिनीला यातलं काही माहीत नाही. ती मला अजून चहा पाजते.

आईचं दुखणं मानेत परत आलं. पावसाळा संपता संपता ती गेली. शेवटचे दिवस बोलताच येत नव्हतं, तर मी तिच्याशी बोलत बसायचे. आज दिघ्यात कुणाचं तोंड बघितलं, कोण तपासायला आली, कुणी डबी टाकली. तिला ते आवडायचं. ती बोटानं हवेत लिहिल्यासारखं करायची. लिव.

आता वस्तीतल्या आरोग्य केंद्रात बाई कशासाठीही आली तरी नर्स आधी टॉर्च काढते. केसपेपरवर दात कशाने घासता हा प्रश्न छापलेला असतो. मॅडमनी आमच्या अभ्यासातून तो पोचवला, त्यासाठी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलं आहे. कॉलेजात त्यांनी हे काम मांडलं तेव्हा मी मागच्या रांगेत होते. पडद्यावर आकडे होते, आलेख होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या. संशोधनानं माणसं वाचतात हे मला कुणी शिकवायला नको, माझ्या ओळखीच्या आहेत ती माणसं, त्यांच्या घरचा चहा मी पिते. पण त्या टाळ्यांत मला बसवेना. समोरच्या काकूंनी मिश्री सोडली, आत्या अजून लावते, आणि मी तिच्याशी भांडते, जशी आई वडिलांशी भांडायची.

मागच्या महिन्यात सगळे कागद बंद करून ठेवायचे होते. मॅडमनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि एक फॉर्म समोर ठेवला. आमच्या फॉर्मवर नाव नसतं, क्रमांक असतो. यावर लिहिलं होतं, सराव एक.

"हा अभ्यासात धरलेला नाही," त्या म्हणाल्या. "तसाच ठेवला तरी चालेल. पण तुम्हाला दुरुस्त करायचा असेल तर तुम्हीच करू शकता. मी करू शकत नाही."

मी पेन घेतलं. प्रश्न सोळाच्या 'नाही'वरून एक आडवी रेघ मारली. शेजारी 'हो' लिहिलं, सही केली, तारीख घातली. रेघेखाली 'नाही' नीट वाचता येत होतं, नियमाप्रमाणे.

पण 'हो' लिहिल्याबरोबर बाण गेला, आणि सतरा ते बावीस माझ्यासमोर कोरे उघडे पडले. तोंडात आग होते का? तिखट झोंबते का? तोंड उघडायला त्रास होतो का? दात हलतो का? जखम किंवा चट्टा आहे का, असल्यास केवढा? सगळ्यांची उत्तरं मला पाठ आहेत. पण समोरची बाई काय म्हणते तेवढंच लिहायचं असतं. मॅडम म्हणाल्या, तिथं 'माहिती उपलब्ध नाही' लिहा. मी पाच वेळा ते लिहिलं.

बावीसवर माझा हात थांबला. तो प्रश्न असा होता : आपण आमच्याबरोबर तपासणीसाठी येण्यास तयार आहात का?

आई त्या दिवशी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं गॅस बंद केला असता, हात धुतले असते आणि चल म्हणाली असती. नुसता चपला घालायचा अवकाश होता.